सय्यद हैदर रझा : बिंदूच्या अलीकडचा चित्रकार

रझा म्हटले की बिंदू, हे समीकरण आता पक्के होऊन बसले आहे. दिनदर्शिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, ग्रीटिंग कार्डांवर तो काळा गोल आणि त्याच्याभोवतीचे लाल-पिवळे चौकोन आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वर्तमानपत्रात रझांची बातमी येते ती बहुधा लिलावाची. जून २०१० मध्ये त्यांचे १९८३ सालचे 'सौराष्ट्र' लंडनच्या लिलावात सोळा कोटी बेचाळीस लाखांना गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये 'जेस्टेशन' हे १९८९ चे चित्र मुंबईत एक्कावन्न कोटी पंचाहत्तर लाखांना विकले गेले. आमच्या समाजात चित्रासाठी पाचशे रुपये खर्च करणारे घर शोधावे लागते. तिथे या आकड्यांनी माणसे थक्क होतात आणि पान उलटतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्र मुंबईत एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. रझांच्या एका बिंदूसमोर आमच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, ''सय्यदाचा मुलगा, आणि काढतो काय, तर बिंदू आणि ओंकार.'' शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते. आमची नावे त्यांनी बोलण्यातून ओळखली असावीत. ते कौतुकाने म्हणाले, ''पाहा, याला म्हणतात या मातीचा मुसलमान.'' आमच्या मित्राला त्या माणसाने काय केले हे पटले नव्हते, गृहस्थांना ते फार पटले होते. चित्राकडे मात्र दोघांनीही पाहिले नव्हते. परतताना लोकलमध्ये आमचा वाद झाला आणि त्या वादातूनच रझांविषयी जरा नीट वाचावे, त्यांची जुनी चित्रे पाहावीत असे आम्हांला वाटू लागले. मग ध्यानात आले की बिंदूच्या अलीकडे, म्हणजे आधी, पंचवीस-तीस वर्षांचा एक मोठा चित्रकार उभा आहे. तो तैलरंगांत काम करत होता. त्याची ओळख आपल्याकडे कोणी फारशी करून देत नाही.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. तो मुलूख आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हा तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे एका अर्थाने रझा आपल्या शेजघरातलेच. वडील सय्यद मोहम्मद रझी जंगलखात्यात उपवनक्षेत्रपाल होते, आईचे नाव ताहिरा बेगम. बदलीची नोकरी, सरकारी घर आणि चहूबाजूंनी अरण्य. रात्री जंगल अंगावर येई, आवाज येत, काळोखात आकार हलत. सकाळ झाली, बाजाराचा दिवस आला, रंगीत कपड्यांतली गोंड माणसे दिसू लागली की पोराचा जीव भांड्यात पडे. ही आठवण रझांनी पुढे वारंवार सांगितली आहे. काळा रंग त्यांच्या चित्रांत पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिला, तो शाळेत शिकलेल्या तत्त्वज्ञानाआधी या रात्रींतून आला असला पाहिजे असे आम्हांला वाटते.

ककैयाच्या प्राथमिक शाळेतली गोष्ट तर प्रसिद्धच आहे. मुलगा चंचल, अभ्यासात लक्ष नाही. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले, याच्याकडे बघत बस. लोक ही गोष्ट सांगतात आणि तिथून थेट १९८० च्या बिंदूवर उडी मारतात. मधली पन्नास वर्षे कुठे गेली, हे कोणी विचारत नाही.

ती वर्षे अशी गेली. दमोहला हायस्कूल झाले. १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट. तिथे बापूराव आठवले यांच्यासारखे शिक्षक मिळाले आणि त्यांचे ऋण रझा अखेरपर्यंत मानत. मग काही काळ गोंदियाला चित्रकला-शिक्षकाची नोकरी केली. मुंबईच्या जे. जे. स्कूलसाठी प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोहोचायला उशीर झाला आणि शिष्यवृत्ती हातची गेली. गोंदियाची नोकरी सोडलेली होती. अशा वेळी आपल्याकडचा तरुण काय करतो? मामा-चाचाच्या ओळखीने परत गावाकडे काहीतरी बघतो. रझा मुंबईतच थांबले. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत, म्हणजे छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या जागी, डिझाइनचे काम धरले आणि वेळ काढून चित्रे काढू लागले. जे. जे. त प्रवेशही पुढे मिळाला.

त्या काळची त्यांची चित्रे जलरंगांत आणि गुवाशमध्ये आहेत. मुंबईचा पाऊस, ट्राम, फोर्टातले रस्ते, छत्र्यांची गर्दी. हात विलक्षण मोकळा होता. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेली काही माणसे तेव्हा इथल्या तरुण चित्रकारांचा आधार झाली होती. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. लँगहॅमर यांनी रझांना जवळ केले, हाताला वळण दिले. १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले, १९४८ मध्ये सुवर्णपदक.

या दोन पदकांच्या मध्ये फाळणी आहे. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील गेले. भाऊ आणि बहीण पाकिस्तानला निघून गेले. पहिली पत्नीही गेली आणि तो संसार पुढे कायमचा मोडला. (रझांवरच्या बहुतेक लेखांत त्या बाईला एक ओळ मिळते, 'पहिला विवाह घटस्फोटात संपला'. त्या ओळीत केवढे काय गाडले गेले असेल, हे फाळणीने फाटलेल्या घरांतल्या आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.) वय पंचवीस-सव्वीस. आईबाप नाहीत, भावंडे सीमेपलीकडे. रझा गेले नाहीत. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिले होते. हा देश सोडून जाणे ही गांधीजींशी दगाबाजी ठरली असती, असे ते नंतर सांगत. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांनी गांधीजींवर चित्रमालिका केली आणि त्यातल्या एका चित्राला 'हे राम' असे नाव दिले. यावर शंका घेण्याचे कारण नाही. त्या चित्रांची किंमत काय येते हा प्रश्न वेगळा.

याच १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप जन्माला आला. सहा जण होते. गोव्याचा ख्रिस्ती फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेला आणि सिनेमाची बोर्डे रंगवणारा मकबूल फिदा हुसेन, लोकांच्या घरी राबलेला आणि मोटारी धुतलेला कृष्णाजी हौलाजी आरा, विदर्भातला हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि रझा. एकीकडे मुल्कात माणसे नावे विचारून मारली जात होती, त्या दिवसांत ही सहा पोरे एका टेबलाभोवती बसून रंग कसा लावावा यावर भांडत होती. १९४९ मध्ये मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढे वर्षा-दोन वर्षांत सूझा, बाकरे लंडनला आणि रझा पॅरिसला गेले. ग्रुप फार टिकला नाही, पण आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास त्याच्यापासून सुरू करण्याची रीत पडली आहे.

पॅरिसला जाण्याचे कारण काश्मीरमध्ये सापडते. १९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. टोळीवाल्यांच्या हल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या बारामुल्लाचे चित्र त्यांनी काढले आहे. श्रीनगरला फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याने चित्रे पाहिली आणि सांगितले ते थोडक्यात असे : तुझ्याकडे गुण आहेत, पण चित्राला बांधणी नाही, सेझान अभ्यास. स्तुती ऐकायची सवय लागलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या तरुणाला हे बोचले असते. रझा मुंबईला परतले आणि फ्रेंच शिकायला बसले. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ऑक्टोबर १९५० मध्ये ते बोटीने निघाले. १९५३ पर्यंत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. अकबर पदमसीही पॅरिसला आले. रझा, सूझा आणि पदमसी या तिघांचे एकत्र प्रदर्शन तिथे झाले.

सुरुवातीच्या पॅरिसच्या चित्रांत 'ओ द काग्न' हे १९५१ चे गुवाश आहे. टेकडीवरचे गाव, एकमेकांना चिकटलेली कोनाकोनांची घरे, वर काळा सूर्य. सेझानचा धडा त्यात दिसतो, आपल्या लघुचित्रांचाही दिसतो. त्या गावात एकही माणूस नाही. या काळातल्या त्यांच्या सगळ्याच गावांत नाही. मुंबईच्या छत्र्यांची गर्दी रंगवणारा माणूस दोन-तीन वर्षांत अशी निर्मनुष्य गावे का रंगवू लागला? समीक्षक रचनेची, भूमितीची कारणे देतात, ती खरीही असतील. आम्हांला मात्र ही घरे १९४७-४८ पाहिलेल्या माणसाची वाटतात. दार आहे, छप्पर आहे, आत कोणी नाही. रझांनी तसे म्हटलेले नाही. हे आमचे वाचन आहे.

आणि मग तैलरंग आले. इथे जरा थांबू, कारण रंगाचे द्रव्य बदलले की चित्रकार कसा बदलतो, हे आपल्या लेखांत क्वचितच येते. जलरंगाला घाई असते. कागद पाणी पितो आणि झाले ते झाले. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. ते तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. वरवर साय धरते आणि आत कित्येक दिवस ओले राहते. जाड थर असेल तर महिनोन्महिने. त्यामुळे कालच्या रंगात आजचा रंग मिसळता येतो, सुरीने खरवडून खालचा उघडा करता येतो, एकाच जागी पाच वेळा परतून यावे लागले तरी रंग कुरकुर करत नाही. ज्याला अजून आपले काय ते सापडलेले नाही, त्याच्यासाठी हे माध्यम फार दिलदार आहे.

रझांनी १९५३ च्या सुमारापासून तैलरंग धरले आणि बघता बघता ती कोनाकोनांची घरे वितळू लागली. 'व्हिलेज विथ चर्च' हे १९५८ चे तैलचित्र पाहावे. गाव आहे, चर्च आहे, पण घराची कड कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. रंग जाड, ओल्या मातीसारखा लिंपलेला. दूरून पाहिले तर रात्रीचे गाव. जवळ गेले की गाव नाहीसे होते, रंगाचे फटकारेच उरतात, आणि पुन्हा चार पावले मागे आले की गाव परत येते. हा खेळ आम्ही छापील प्रतीत करून पाहिला. तो पूर्ण जमत नाही, कारण छपाईत थराची जाडी येत नाही. तरीही मुंबईच्या त्या लोकलमधला आमचा वाद निम्मा तिथेच मिटला. अमूर्त चित्र म्हणजे काहीच न काढणे अशी आमची समजूत होती. इथे तर गाव इतके होते की त्याला आकार पुरेना.

१९५६ मध्ये रझांना पॅरिसचा 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार होते. लारा व्हॅन्सी या गॅलरीने त्यांची चित्रे लावली, गिऱ्हाईक मिळाले, पोटाची विवंचना गेली. १९५९ मध्ये त्यांनी कलाशाळेतली सोबतीण, चित्रकार जानीन माँजिया यांच्याशी लग्न केले. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ या डोंगरी गावात पुढे त्यांचे उन्हाळे जात. २००२ मध्ये जानीन वारल्या, त्यानंतरही आठ वर्षे रझा फ्रान्समध्येच होते.

१९६२ मध्ये ते अमेरिकेत, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे मार्क रॉथकोचे काम त्यांनी पाहिले. मोठाले पट, त्यांत दोन-तीन रंगांचे ढगाळ आयत, आणि बस. रझांवर त्याचा खोल परिणाम झाला. साठीच्या दशकातल्या चित्रांत गाव जवळजवळ दिसेनासे होते. काळ्यातून लाल फुटतो, पिवळा जळतो. वणवा म्हणा, रात्रीचे जंगल म्हणा. आमच्या मते रझांचे सर्वांत अस्सल काम हे आहे. पॅरिसमध्ये राहणारा, फ्रेंच बायकोचा नवरा, अमेरिकन चित्रकाराने हलवलेला हा माणूस जे रंगवत होता ते बाबरियाचे अरण्य होते. त्याला तेव्हा ते पुरते ठाऊक तरी होते की नाही, कोण जाणे.

सत्तरीच्या दशकात ते अस्वस्थ झाले. पॅरिसच्या शैलीचा एक चांगला चित्रकार, एवढीच आपली ओळख का, असा प्रश्न त्यांना पडला. भारताच्या फेऱ्या वाढल्या. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात. याच सुमारास त्यांनी तैलरंग बाजूला ठेवून ॲक्रिलिक घेतले. ॲक्रिलिक पाण्यात कालवले जाते आणि तासाभरात वाळते. एका रंगाशेजारी दुसरा रंग सरळ कड धरून लावायचा असेल तर त्यासारखे सोयीचे काही नाही. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांना तीच कड लागते. नंदलाल गुरुजींचा ठिपका परत आला तो या कोरड्या, चोख कडेच्या रंगात. बिंदू, पंचतत्त्व, कुंडलिनी, प्रकृती-पुरुष ही नावे आली. १९८१ मध्ये 'माँ' हे मोठे चित्र झाले, त्यात त्यांनी हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिली. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. पुढे २००७ मध्ये पद्मभूषण आणि २०१३ मध्ये पद्मविभूषण.

'माँ' आणि 'सौराष्ट्र' ही चित्रे मोठी आहेत, यात वाद नाही. पण नंतरच्या तीस वर्षांत बिंदू इतक्या वेळा आला की त्यातले कित्येक आम्हांला थकलेले वाटतात. रझा याला जप म्हणत; एकच नाव पुन्हा पुन्हा घेण्याने ते जिवंत होते, असे त्यांचे म्हणणे होते. तसबीह ओढणाऱ्या आपल्या आजी-दादींना ही गोष्ट कळेल. तरी जपालाही बाजार मिळाला की त्याचे काय होते, हे आपण दर्ग्यांच्या दारात पाहिलेले आहे.

आता त्या प्रदर्शनातल्या दोघांकडे येऊ. मुसलमान चित्रकार अमूर्त का झाला, याचे एक सोपे उत्तर काही विद्वान देतात : इस्लामला मूर्ती चालत नाही, मशिदींत भूमितीची नक्षी असते, म्हणून. ऐकायला बरे वाटते. पण हुसेन आयुष्यभर माणसे आणि घोडे रंगवत राहिले, तेही मुसलमानच. पदमसींनी मुखवटे आणि नग्नचित्रे केली, तेही. आणि अमूर्तात आपल्याकडे ज्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे ते वासुदेव गायतोंडे. रझांनी स्वतः आपली मुळे सांगितली ती जंगलात, गुरुजींच्या ठिपक्यात, मेवाड-माळव्याच्या लघुचित्रांत आणि पॅरिसमध्ये. ती खोटी ठरवून त्यांना मशिदीच्या जाळीत नेऊन बसवण्याचे कारण काय?

आमच्या मित्राच्या आक्षेपाला आमचे उत्तर साधे होते. आपण मराठीत लिहितो. कित्येकदा आपल्याला विचारले जाते, ''तुम्ही मुसलमान, मग मराठी इतके चांगले कसे?'' आणि आपल्यातलेच काही विचारतात, ''उर्दू सोडून यात कशाला?'' आपल्या आईची भाषा ही, गावच्या शाळेची लिपी ही. यापलीकडे आपल्याकडे दुसरे उत्तर नसते. रझा ककैया आणि दमोहच्या शाळांत शिकले. त्यांच्या हाताला देवनागरी तिथेच लागली. त्याच लिपीत त्यांनी कबीरही लिहिला आणि गालिबही. आमचा मित्र यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''आणि तो म्हातारा? त्याला काय सांगशील?'' त्याला सांगण्यासारखे आमच्याकडे तेव्हा काही नव्हते. आता वाटते, त्यांना 'व्हिलेज विथ चर्च'समोर उभे करावे. त्यात बिंदू नाही, ओंकार नाही, आहे ते चर्च आहे, तेही परमुलुखातले. तो माणूस या मातीचा त्याही दिवशी होताच, त्याला कोणी प्रशस्तिपत्र दिलेले नसतानाही.

हे सारे लिहिताना हुसेन आठवल्याशिवाय राहत नाही. खटले, धमक्या आणि चित्रांची मोडतोड यांना कंटाळून २००६ मध्ये हुसेन देशाबाहेर गेले. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दफनही इंग्लंडमध्येच झाले. त्याच २०१० च्या अखेरीस, साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे रझा कायमचे भारतात परतले. एकाच ग्रुपचे दोन मित्र. एकाला पंढरपूर परत मिळाले नाही.

रझा दिल्लीत राहिले. थरथरत्या हाताने रोज कॅनव्हाससमोर बसत. त्यांच्या निकटचे लोक सांगतात, ते मशिदीत जात, चर्चमध्ये जात, मंदिरातही जात. २३ जुलै २०१६ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी ते मे २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि बिंदूच्या अलीकडचा रझा पुन्हा लोकांसमोर आला.

आपल्याला मंडल्याला, वालिदांच्या शेजारी दफन करावे, अशी त्यांची इच्छा होती. भाऊ-बहीण पाकिस्तानला गेल्यावर नर्मदाकाठच्या त्या गावात वडील मागे राहिले होते, अडुसष्ट वर्षे. दिल्लीहून मयत मंडल्याला नेण्यात आली आणि त्याच कब्रस्तानात, वडिलांच्या कबरीजवळ, रझांना माती देण्यात आली.